शाडूचा भाचा

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथे लोक लिहितात ते अनुभव मी दुपारी जेवून आडवा झालो की मोबाईलवर वाचायचो, बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. शिवाय माझा धंदाच असा, की माणूस नास्तिक झाला नाही तरी कोरडा होतो. मी गणपतीच्या मूर्तींची आखणी करायचो. म्हणजे डोळे काढायचो. पेणजवळ हमरापूरला आमच्या घरचा कारखाना आहे. माती मळणारे वेगळे, साच्यातून काढणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. आणि सगळ्यांचं झालं की शेवटी एक माणूस झिरो नंबरचा ब्रश घेऊन बसतो आणि डोळे उघडतो. तीस वर्षं तो माणूस मी होतो. देव लोकांच्या घरी जाऊन देव होतो, आमच्याकडे असतो तोवर तो माल असतो... असं मी चारचौघांत म्हणायचोसुद्धा.

आज वय एकोणपन्नास. दोन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती. ती इथे लिहितोय, कारण तिच्यात दोन तरुण पोरांचं नुकसान झालं, आणि त्यातल्या एकाचं तर मी तोंडाने केलं. गावं खरी आहेत. माणसांची नावं बदलली आहेत. का बदलली ते शेवटी कळेल.

आखणी मला नानाकाकांनी शिकवली. वडिलांचे चुलतभाऊ. डोळे काढताना ते स्वतःचा डावा डोळा मिटून घ्यायचे. म्हणायचे, "दोन डोळ्यांनी बघितलं की रेषा दोन दिसतात." त्यांचा एकच नियम होता. आखणी चुकली तर पुसायची नाही. मूर्तीच मोडायची, माती भिजत घालायची आणि पहिल्यापासून घडवायची. "मोडलं तर मातीला माती मिळाली. उघडलेला डोळा पुसलास तर..." एवढं म्हणून ते थांबायचे आणि तंबाखू चोळायला लागायचे. पुसला तर काय, ते कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मला वाटायचं, शिकाऊ पोरांचा हात भीतीने स्थिर राहावा म्हणून केलेली ही युक्ती. आणि खरंच हात स्थिर राहायचा. चार दिवसांची मेहनत मोडायची कोणाला हौस असते?

आता कबड्डी. पेण-रोह्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्याकडे क्रिकेट टीव्हीवर बघतात, कबड्डीसाठी मात्र टेम्पो भरून परगावी जातात. गावचा संघ म्हणजे गावाची अब्रू. आमच्या संघाचं जुनं वाकडं अष्टमीच्या संघाशी. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठाला, मध्ये पूल. आणि त्या अष्टमीचा सगळ्यात भारी रेडर म्हणजे माझा सख्खा भाचा. निलेश.

माझी मोठी बहीण तिथे दिली आहे. निलेश लहानपणी दर मे महिन्यात आमच्याकडे असायचा. दिवसभर कारखान्यात मातीत लोळायचा, ऊन उतरलं की मी अंगणात रेघ मारून त्याला चढाई शिकवायचो. त्याच्या तोंडी सारखं "मामा, मामा" — ते ऐकून गावची पोरंही मला मामाच म्हणायला लागली. पुढे तो चोवीस वर्षांचा उंच, हसरा गडी झाला, धाटावला एका कंपनीत कंत्राटावर फोर्कलिफ्ट चालवायला लागला, आणि दोन वर्षं लागोपाठ आमच्याच मैदानावर येऊन आम्हाला हरवून गेला. गुण घेऊन परतताना मध्यरेषेवर थांबून मला हात जोडायचा. लोक हसायचे. मीही हसायचो. पण आत कुठेतरी लागायचं.

तिसऱ्या वर्षी सामने त्यांच्याकडे होते. कल्पना दिन्याची — दिन्या म्हणजे आमचा टेम्पोवाला, संघाचा सगळ्यात मोठ्या घशाचा पाठीराखा. माघी गणपती नुकते होऊन गेले होते, हात रिकामे होते. कारखान्यात येऊन म्हणाला, "मामा, आपण कोण? गणपतीवाले! मग त्यांना आपल्या पद्धतीने दाखवू. तुमच्या भाच्याची मूर्ती करा. मॅच जिंकलो की वाजतगाजत त्यांच्याच नदीत विसर्जन!"

सगळे खो-खो हसले. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "शाडूची करतो. लगेच विरघळेल."

दोन फुटांची केली. चढाईच्या पवित्र्यात — एक पाय पुढे, उजवा हात लांब, मान जरा तिरकी, जशी त्याची असते. नारिंगी जर्सी, पाठीवर सात नंबर. डोळे नव्हते तोवर ते बाहुलं होतं. मग मी डावा डोळा मिटला आणि आखणी केली. खरं सांगतो, तशी रेषा मला आयुष्यात कधी साधली नव्हती. पोरगा मस्करी करायच्या बेतात असला की त्याच्या डोळ्यांत जे यायचं, ते तिथे आलं. बायको चहा घेऊन आली, बघून दारातच थांबली. म्हणाली, "अहो, हा आता 'मामी, साखर जास्त घाल' म्हणेल."

रविवारी सकाळी निघालो. खेळाडूंची जीप भरली होती, म्हणून आमचा डावा कोपरा सांभाळणारा रुपेश आमच्याबरोबर टेम्पोत बसला. हा रुपेश नीट लक्षात ठेवा. तेवीस वर्षांचा, कमी बोलणारा, पकड अशी की सुटणं नाही. कच्ची मूर्ती धक्क्याने तडकू नये म्हणून ती गोधडीत गुंडाळून त्याच्याच मांडीवर दिली.

"दिन्या, खड्डे बघून चालव रे," कोणीतरी ओरडलं, "पाहुण्याची मान लचकली तर त्यांचा रेडर सकाळीच बाद!"

"मग मुद्दाम घालतो की खड्ड्यात!"

"गप बसा," रुपेश म्हणाला. "ज्याला संध्याकाळी धरायचा हाय त्याला सकाळपासून मांडीवर घेऊन बसलोय. कोणी बघितलं तर म्हणेल बारशाला चाललेत."

"धरशील का पण?"

"मांडीवर तर बसलाय. मैदानात बघू."

नागोठण्यावरून आत वळून भिसे खिंडीच्या वळणांवर त्याने ती मूर्ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. हे मला नंतर फार वेळा आठवलं.

मैदान नदीच्या बाजूला होतं. टेम्पो मैदानापासून जरा लांब, एका चिंचेखाली लावला. आम्ही उतरतोय तोवर निलेश स्वतःच आला. माझ्या पाया पडला, आणि गोधडी बाजूला करून मूर्ती बघितली. आधी मोठ्याने हसला.

"मामा, नाक बसकं केलंस रे!"

"तुझं तसंच हाय," मी म्हणालो.

मग तो जरा वाकून डोळ्यांकडे बघत राहिला. हसू कमी झालं. "डोळे मात्र..." म्हणाला, "आरशात बघितल्यासारखं वाटतंय." मग रुपेशकडे वळून, "काय रे, पाण्यात घालणार म्हणे मला आज?"

"पोहायला येतं ना?" रुपेश म्हणाला. दोघांनी हसत एकमेकांच्या खांद्यावर हात मारले. त्यांच्यात वैर नव्हतं. हेही लक्षात ठेवा.

थोड्या वेळाने ताई आली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, असा डबा घेऊन. दिन्याने मोठ्या हौसेने तिला मूर्ती दाखवली आणि विसर्जनाचंही सांगितलं. ताईचा चेहरा उतरला. ती मला बाजूला घेऊन गेली.

"वसंता, हे तू केलंस?"

"गो ताई, गंमत हाय नुसती."

"गंमत? जित्या माणसाला नदीत सोडायचं ही गंमत? माझ्या पोराला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नानाकाका असते तर तुझा हात पिरगाळला असता. आणि डोळे पण काढलेस!"

"पोरांना नाय म्हणता आलं नाय."

"मग आता डोळे पूस. डोळे नसले की ती नुसती माती. मग नदीत टाका नायतर खाडीत. पण डोळे पूस आधी. माझी शपथ हाय तुला."

मी "बरं" म्हणालो. ताईला आखणीचा नियम माहीत नव्हता. आमच्याकडे मुली माती मळायच्या, रंग मारायच्या, पण आखणीच्या पाटावर त्यांना कधी बसवलं नाही. त्यामुळे पुसायचं नाही, मोडायचं — हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं. तिथल्या तिथे मूर्ती आपटून फोडायला हवी होती. पण एक तर पोरं चिडली असती. आणि दुसरं, जे कबूल करायला जास्त जड जातंय — मला ते डोळे मोडवत नव्हते. मी टाळलं. म्हटलं, नंतर बघू.

दोन्ही संघ फायनलला आले. चार-साडेचारला सामना सुरू झाला. पहिल्या डावात आम्ही तीन गुणांनी मागे. निलेश पाच चढायांत चार वेळा हात लावून गेला. मध्यंतराला समोरच्या बायकांच्या बाजूने ताईने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या डोळ्यावरून बोट फिरवून खुणेने विचारलं — पुसलेस? मी मान हलवली. म्हणजे, जातो. आणि टेम्पोकडे गेलो.

तिथे कोणी नव्हतं. लाऊडस्पीकर मात्र ऐकू येत होता, एक जण नुकत्याच सुरू झालेल्या दुसऱ्या डावाचं वर्णन करत होता. मी गोधडी काढली. ऊन तिरपं होऊन टेम्पोत आलं होतं आणि मूर्तीच्या तोंडावर पडलं होतं. मी ती उचलली. मोडायची म्हणूनच उचलली, हे देवाला माहीत. पण त्याने बघितलं... म्हणजे मला तसं वाटलं. आणि मी पुन्हा खाली ठेवली. म्हटलं पुसूया. चेहरा राहील, ताईची शपथ राहील, पोरांचं विसर्जन पण राहील. सगळ्यांचं समाधान. आयुष्यभर मी असंच करत आलोय.

फडकं नव्हतं. अंगठ्याला थुंकी लावली.

"...चढाईसाठी पुन्हा एकदा अष्टमीचा निलेश," स्पीकरवरून येत होतं, "समोर हमरापूरचे सहा गडी... डाव्या कोपऱ्याकडे सरकतोय..."

मी मूर्तीच्या डाव्या डोळ्यावर अंगठा ठेवला. रंग वाळून आठवडा झाला होता, तरी अंगठ्याखाली ओलं लागलं. आणि कोमट. टेम्पो उन्हात तापला होता म्हणून असेल — तेव्हाही असंच म्हटलं, आजही म्हणतो. पण त्याखाली काहीतरी हललं. पापणी मिटायची धडपड करावी तसं, एकदाच. मी अंगठा काढून घ्यायला हवा होता. मी उलट जोर दिला आणि गोल फिरवला.

"...बोनसचा प्रयत्न, आणि—"

स्पीकर थांबला. दोन-तीन हजार माणसांचा आवाज एकदम थांबतो तेव्हा कसं वाटतं, ते सांगता येत नाही. झाडावरचे कावळे ऐकू आले. मग एका बाईची किंकाळी. ती ताईची होती, हे मला धावायला लागायच्या आधीच कळलं.

निलेश आमच्या अर्ध्यात गुडघ्यांवर बसला होता, डावा डोळा तळहाताने दाबून. रक्त नव्हतं. रुपेश त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा होता आणि ओरडत होता, "मी हात नाय लावला! आईशपथ, हातच नाय लावला!" पण अष्टमीची माणसं मैदानात घुसली होती. पहिली थप्पड कोणी मारली माहीत नाही. आमची पोरं रुपेशला ओढत टेम्पोपर्यंत आली, दगड आले, मागची काच गेली. मूर्ती कोणाच्याच लक्षात राहिली नाही. ती गोधडीत तशीच परत आली, एक डोळा उघडा ठेवून. मी ताईबरोबर निलेशला घेऊन आधी रोह्याला आणि मग पनवेलला गेलो.

डोळा बाहेरून धड होता. आजही आहे. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण नजर गेली ती गेली. एका डॉक्टरांनी सांगितलं, मार लागून आतली नस दुखावली असेल. दुसरे म्हणाले, मार लागल्याची खूण तर कुठेच दिसत नाही. तिसऱ्यांनी फाईल बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश खाटेवर पडून होता, उशाशी ताई, पायाशी मी. खोलीत त्याच्या मंडळाची दोन पोरंही होती. तो म्हणाला, "मामा, रुपेश लांब होता रे. मला दिसत होता तो. हे दुसरंच कोणीतरी... अंगठा होता. मोठा. ओला होता, थुंकी लावल्यासारखा. आणि त्याने घाईत नाय केलं. दाबून फिरवला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्याचा मामाच होतो आणि समोरच्या गावचाही होतो. माझा शब्द दोन्हीकडे चालणार होता.

मी म्हणालो, "घाम असेल रे. रुपेशचा."

एवढंच. पण हमरापूरच्याच माणसाने, तेही सख्ख्या मामाने नाव घेतलं म्हटल्यावर मग कोणाला शंका उरली नाही. रुपेशने मुद्दाम डोळ्यात बोट घातलं, हे पक्कं झालं. निलेशही पुढे म्हणायला लागला, घाईत मलाच नीट दिसलं नसेल.

रुपेशला संघाने बसवलं. नंतर त्याने स्वतःच मैदानावर यायचं सोडलं. रोहा तालुक्यात त्याची सोयरीक जवळजवळ ठरली होती, ती मोडली. मुलीच्या मामाने निरोप धाडला की दुसऱ्याच्या पोराचा डोळा फोडणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. तो आता एका कंपनीत शिफ्टला जातो आणि खाली मान घालून घरी येतो. महिन्याभराने माझ्याकडे आला होता. कारखान्याच्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

"मामा, तुम्ही तरी बघितलं असेल ना? मी दोन हात लांब होतो."

"मी तिथे नव्हतो रे. टेम्पोकडे होतो."

"भर मॅचमध्ये? टेम्पोकडे काय करत होतात?"

मी साच्यावरची धूळ पुसायला लागलो. तो आला तसा गेला.

मूर्ती मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवली. वाळलेला भाताचा पेंढा, वर जुनी धोतरं, कुलूप. नदीत सोडता येईना, आणि एक डोळा पुसून झाल्यावर आता मोडायचीही हिंमत होईना. एक डोळा अजून उघडा होता ना! शाडू कच्चा असतो. ओल लागली की भुगा. पावसाळ्याचे चार महिने पेटी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची, उंदीर बघायचे, मुंग्या बघायच्या. बायकोला वाटायचं माझं डोकं फिरलंय. त्या दिवसापासून मी आखणी केली नाही. ब्रश धरला की अंगठा थरथरतो. फक्त अंगठा.

निलेशचं फोर्कलिफ्टचं काम एका डोळ्यावर जाणारच होतं, गेलं. काही महिने घरात बसला. मग ताईनेच त्याला माझ्याकडे पाठवला, "तुझ्या हाताखाली घे" म्हणून. मी नाही कसं म्हणणार? तो आखणी शिकला. इतक्या पटकन शिकला की मला बघवेना. मी एकदा सवयीने सांगून गेलो, "नानाकाका डावा डोळा मिटून घ्यायचे." तो म्हणाला, "मग माझं बरं हाय मामा. मला मिटायला पण नको." आणि हसला. कारखान्यातले सगळे हसले. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीशी उभा राहिलो.

या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. अष्टमीच्या एका ओळखीच्या माणसाने जुना मोबाईल साफ करताना सापडला म्हणून त्या सामन्याचा व्हिडिओ मला पाठवला. पंचांच्या मागून काढलेला. स्पष्ट दिसतं — रुपेश दोन हात लांब आहे. आजूबाजूला कोणी नाही. आणि निलेशचं डोकं फटका बसल्यासारखं झटक्यात मागे जात नाही. ते हळूहळू मागे जातं, कोणी तरी समोरून दाबावं तसं, आणि मग थोडं गोल फिरतं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला याची गणती नाही.

दुसरी गोष्ट. त्याच आठवड्यात दुपारी मी पेटी उघडली. मूर्तीच्या उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला रंग पोपडला होता. तांदळाच्या कणीएवढा टवका निघून खालचा पांढरा दिसत होता. मी झाकण लावलं. हात धुवून कारखान्यात गेलो. निलेश आखणीच्या पाटावर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, दोन दिवस झाले, उजवीकडे कडेला पांढरं दिसतंय. डोळे दाखवून येऊ काय एकदा?"

"उद्या बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पेटी आणून त्याच्यासमोर ठेवली. आणि सगळं सांगितलं. नानाकाकांचा नियम, थुंकी, अंगठा, घाम. ताईने काय सांगितलं होतं तेही सांगितलं, कारण अर्धं खरं बोलून मी आधीच एकाचं आयुष्य नासवलं होतं.

त्याने झाकण उघडलं. मूर्ती पेंढ्यातून काढून उजेडाला धरली. स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रुपेशला सांग," तो शेवटी म्हणाला. "सगळ्या गावाला सांग की त्याने हात लावला नाय. आणि आईला यातलं काही कळता कामा नये. तिने सांगितलं म्हणून झालं, हे तिला कधीच कळता कामा नये. नाव घेऊन सांगशील ना मामा?"

मी त्याच्या गळ्याची शपथ घेणार होतो, पण शपथेचीच भीती वाटली. नुसतं "व्हय" म्हणालो.

मग त्याने ब्रश घेतला. पोपडा न उचकटता, कडेने, श्वास धरून, तो कोपरा भरला. चढाईला जायचा तेव्हा धरायचा तसा श्वास. हात जराही हलला नाही. मी म्हणालो, "निलेश... डावा पण काढ ना. तुझा हात चालतो. बघू तर."

त्याने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"काढला, आणि नाय दिसलं तर?" तो म्हणाला. "आता निदान कधीतरी दिसेल असं तरी वाटतं. राहू दे."

त्यानंतर मी तो व्हिडिओ दोन्ही गावांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, रुपेशने हात लावला नव्हता, हॉस्पिटलात मी खोटं बोललो, का बोललो ते विचारू नका, दोष माझा. बऱ्याच शिव्या आल्या, त्या मला हव्याच होत्या. रुपेशच्या घरी गेलो. त्याने पाणी दिलं. माफ केलं का नाही ते सांगितलं नाही, आणि मोडलेलं लग्न काही जुळलं नाही. त्याला मी हे लिखाण वाचायला देणार आहे. टेम्पोकडे मी काय करत होतो, याचं उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही.

ताईला फक्त व्हिडिओ माहीत आहे. हे नावं बदलण्याचं कारण.

ज्यांना यात विज्ञान दिसतं त्यांनी जरूर लिहावं. नस, ताण, योगायोग — मी यातलं सगळं स्वतःला सांगून बघितलं आहे. पण तो अंगठा ओला होता हे निलेशला कसं कळलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. उजवीकडचं पांढरं गेलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तोही बोललेला नाही. तो डॉक्टरांकडे गेला नाही, एवढं मला माहीत आहे.

पेटीची किल्ली आता त्याच्याकडे असते.